बिल आधी, काम नंतर

मार्च उजाडला की माझ्या ऑफिसात पिशव्या येऊ लागतात. साडीच्या दुकानाच्या, मिठाईच्या, कधी चक्क उशीचा अभ्रा. आत वर्षभराची बिलं, कुरिअरच्या पावत्या, शाई उडून कोऱ्या झालेल्या चिठ्ठ्या, डायरीची फाडलेली पानं. अशी पिशवी आणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी आपापल्या कामात अव्वल असतात. एकीचं आरी वर्क असं, की लग्नाची तारीख ठरली की मुली हॉल बघायच्या आधी तिला फोन करतात. हिशेबाला बसलं की मात्र दिसतं, श्रावणातल्या मोठ्या ऑर्डरींचे पैसे आलेलेच नाहीत. "मागितले होते का?" असं विचारलं की उत्तर येतं, "बिलच पाठवायचं राहिलं."

यांतल्या काही जणींना अलीकडे कळलंय की त्यांना एडीएचडी आहे. पुष्कळदा ते कळतं मुलामुळे. शाळेतून तक्रार येते, मुलाला तज्ज्ञांकडे नेलं जातं, आणि डॉक्टर प्रश्न विचारत असताना आईच्या ध्यानात येतं की ही सगळी उत्तरं आपल्यालाही लागू पडतायत. मी करसल्लागार आहे, डॉक्टर नाही. पण व्यवसाय कुठे गळतो हे हिशेबात लख्ख दिसतं, आणि या बायकांच्या बाबतीत गळतीची जागा बहुतेक ठरलेली असते. कल्पनांची त्यांना कधी चणचण नसते. हातात कसब असतं, गिऱ्हाईक जोडण्यात त्या पटाईत असतात, ऐनवेळी काही बिनसलं तर इतरांची धावपळ उडते तेव्हा त्या शांतपणे मार्ग काढतात. काम हातावेगळं होतं, माल पोचतो, आणि त्यानंतरची शेवटची पायरी राहून जाते: बिल, वसुली, नोंद, विवरणपत्र.

याचं कारण समजून घेतलं तर उपाय करता येतो. एडीएचडीत लक्ष नसतं असं नाही. ते हवं तेव्हा, हवं तिथे वळवणं आणि तिथे टिकवणं अवघड जातं. कामांचा क्रम लावणं, वेळेचा अंदाज बांधणं, सुरू केलेलं तडीला नेणं ही मेंदूच्या पुढच्या भागाची कामं, आणि डोपामिन या रसायनाचं गणित वेगळं असल्यामुळे नेमकी तीच अडतात. गोडी, नावीन्य, आव्हान किंवा घाई यांपैकी काहीतरी असलं की हा मेंदू भन्नाट चालतो. एखादं काम केवळ महत्त्वाचं आहे, एवढ्यावर तो हलत नाही. ऑर्डर पुरी होईपर्यंत या चारही गोष्टी हजर असतात. नक्षी नवीन असते, नवरीची हळद परवावर आलेली असते. ब्लाउज तिच्या हातात पडला की चारही एका क्षणात संपतात. बिल करायला बसायचं, तर मागे कुणी लागलेलं नसतं. म्हणून 'जरा शिस्त लावून घे' हा घरोघरी मिळणारा सल्ला इथे कामाला येत नाही. मी सांगते ते वेगळं आहे: शेवटची पायरी शेवटी ठेवूच नका. ती उचलून पहिल्या पायरीला बांधा.

ॲडव्हान्स आल्याशिवाय वहीत नाव नाही

बिल ऑर्डर घेतानाच करायचं, काम झाल्यावर नाही. गिऱ्हाईक नवं असतं, बोलणं रंगलेलं असतं, तुमच्याही अंगात उत्साह असतो. तो उत्साह पुढे टिकणार नाही हे माहीत आहे, तर तो आहे तोवर त्याच्याकडून कागदाचं काम करून घ्या. निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली माल ताब्यात देण्याआधी. असं केलं की वसुली नावाचं काम जवळजवळ शिल्लकच राहत नाही, आणि जे काम शिल्लक नाही ते विसरताही येत नाही.

यासाठी व्हॉट्सॲप बिझनेस पुरेसं आहे. त्यात ठरलेला मजकूर साठवून ठेवता येतो. तिरकी रेघ आणि एक छोटा शब्द टाइप केला की पूर्ण मजकूर समोर येतो. माझ्या ओळखीच्या एका फराळवालीचा मजकूर असा आहे: "नमस्कार ताई. तुमची ऑर्डर: … द्यायची तारीख: … एकूण रक्कम: … निम्मी रक्कम आली की ऑर्डर पक्की होते. उरलेली रक्कम डबे नेण्याआधी. काही बदल असल्यास … तारखेपर्यंत कळवा." खाली क्यूआर कोड. मोकळ्या जागा भरायच्या आणि पाठवायचं. दर वेळी नवं वाक्य जुळवायचं नाही, किती सौम्य आणि किती स्पष्ट बोलू याचा विचार करायचा नाही. त्याच ॲपमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला रंगीत लेबल लावता येतं. 'ॲडव्हान्स यायचा', 'पक्की', 'पूर्ण पैसे आले' एवढी तीनच लेबलं ठेवा. सात केलीत तर पंधरा दिवसांनी एकही लावणार नाही.

नात्यातल्या आणि ओळखीच्या माणसांकडून ॲडव्हान्स कसा मागायचा, हा प्रश्न मला हमखास येतो. उत्तर सोपं आहे, पाळायला कठीण आहे: सगळ्यांना तोच मजकूर. नणंदेच्या मैत्रिणीलाही तोच. छापील दरपत्रक करून घ्या आणि त्यावर ॲडव्हान्सचा नियम लिहा. तोंडी नकार द्यायची वेळ आली की या बायकांना फार जड जातं, कुणाच्या कपाळावरची आठीसुद्धा दिवसभर टोचत राहते, आणि मग त्या मोफत काहीतरी देऊन मोकळ्या होतात. छापलेला कागद पुढे केला की तो वाद घालत नाही आणि ओशाळतही नाही.

कंपन्यांच्या दिवाळी भेटींच्या किंवा कार्यक्रमांच्या ऑर्डरी असतील तर आगाऊ रक्कम नेहमी मिळत नाही. तिथे उद्यम नोंदणी करून ठेवा. सरकारी पोर्टलवर ती पूर्ण मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या कुणाच्या नादी लागू नका. स्वतः माल बनवणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म आणि लघुउद्योगांना २००६ च्या कायद्याने संरक्षण दिलंय: लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला, आणि ती मुदत जास्तीत जास्त ४५ दिवसांची, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. उद्यम क्रमांक आणि ही मुदत बिलाच्या तळाशी छापून घ्या, म्हणजे दर वेळी आठवणीने लिहावं लागणार नाही. आणि बिल मालासोबतच गेलं पाहिजे, त्याच खोक्यात, त्याच दिवशी मेलवरही. 'उद्या पाठवते' म्हटलेलं बिल मी मार्चमध्ये पिशवीत बघते.

"वही बघून सांगते"

हे वाक्य पाठ करा. फोनवर, रस्त्यात, हळदीकुंकवात, कुणीही 'करून द्याल का?' विचारलं की आधी हेच वाक्य.

एडीएचडीत वेळेचा अंदाज सहसा चुकतो, आणि तो कमीच्या बाजूला चुकतो. 'आत्ता' आणि 'आत्ता नाही' अशा दोनच वेळा जाणवतात. तीन आठवड्यांनंतरची तारीख 'आत्ता नाही' या ढिगात जाते आणि अचानक उद्यावर येऊन उभी राहते. त्यात समोरचा माणूस आनंदाने विचारतोय, कल्पना सुंदर आहे, तर 'हो' तोंडातून निघून गेलेला असतो. त्या एका 'हो'पोटी पुढे रात्री जागवल्या जातात, मुलाला ताप असताना मशीनवर बसावं लागतं, आणि शेवटी उशीर झाला म्हणून सूटही द्यावी लागते.

वहीत काय बघायचं? दोन गोष्टी. त्या आठवड्यात आधीच काय घेतलंय, आणि असं काम मागच्या वेळी खरंच किती तासांत झालं. दुसरी गोष्ट बहुतेकींकडे नसते. ती मिळवायला पुढच्या काही ऑर्डरींना मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. नुसतं शिवायचे तास मोजू नका. कापड आणायला जाणं, गिऱ्हाइकाशी फोनवर बोलणं, पॅकिंग, कुरिअरच्या मुलाची वाट पाहणं, सगळं धरा. चार तासांचं म्हणून घेतलेलं काम नऊ तासांचं निघालं तर तुम्ही मंद आहात असा अर्थ काढू नका. ते काम नऊ तासांचंच आहे, आणि त्याचा भाव आजवर चार तासांचा लावला जात होता. मी हिशेब बघते त्या बऱ्याच जणींचा दर केवळ एवढ्या मोजणीनंतर वाढला, आणि गिऱ्हाईक तुटलं नाही.

मोजणी होईपर्यंत मनात येईल त्याच्या दुप्पट वेळ सांगा. कामं लवकर झाली तर कुणी रागावत नाही.

वही, भिंत, फोन

डोक्यात ठेवायचं काही नाही. हे सांगायला सोपं आहे, पण यात एक अडचण आहे जिच्याबद्दल कुणी बोलत नाही: या मेंदूला नवी पद्धत काही आठवडे आवडते आणि मग ती दिसेनाशी होते. फळ्यावरची यादी तिथेच असते, नजर तिच्यावरून घसरते. मग नवं ॲप, नवी डायरी, रंगीत चिठ्ठ्या, आणि पुन्हा तेच. माझं मत असं, की साधन बदलत राहिलात तरी बिघडत नाही, पण एक वही कधीही बदलू नका. ऑर्डर, तारीख, रक्कम, आलेले पैसे त्या एकाच जाड बांधणीच्या वहीत, जी टेबलावर उघडीच राहील. कपाटात बंद केलेली वस्तू तुमच्यासाठी नसल्यासारखीच असते, म्हणून कच्चा मालसुद्धा पारदर्शक डब्यांत ठेवा. बाकी गजर, चिठ्ठ्या, फळा हे सगळं महिन्या-दोन महिन्यांनी जागा आणि रंग बदलून ताजं करा.

भिंतीवर कालनिर्णय असतंच. त्यावर घर आणि धंदा एकत्र लिहा. दोन वेगळी कॅलेंडर ठेवा असं व्यवस्थापनाची पुस्तकं सांगतील, पण आपल्याकडे बाईच्या धंद्याचा हंगाम आणि तिच्या घरातल्या कामाचा हंगाम एकाच वेळी येतो. गणपतीत मोदकांच्या ऑर्डरी असतात आणि घरी गणपती बसलेला असतो. नवरात्रात घागरे शिवून द्यायचे असतात आणि घट बसलेले असतात. वेगवेगळ्या कॅलेंडरांवर ते दोन्ही आरामात मावतात. एकाच चौकोनात लिहिले की मावत नाहीत हे ताबडतोब दिसतं.

आणि उलटं मोजा. दिवाळीच्या फराळाचं उदाहरण घ्या, त्यातही अनारशांचं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग निथळून सावलीत कोरडे करायचे, दळून चाळायचे, गूळ घालून गोळे आठवडाभर मुरवायचे, त्यानंतर तळण. यात घाईने जाग येणाऱ्या मेंदूला फसवणारं असं आहे, की बहुतेक दिवसांचं काम दहा मिनिटांचं आहे आणि एक दिवस चुकला तर पुढचं सगळं सरकतं. रात्रभर जागून अनारशाचं पीठ मुरत नाही. तेव्हा वसुबारसेच्या चौकोनात 'डबे द्यायचे' लिहा आणि तिथून बोट मागे मागे नेत जा: तळण, मुरवण, दळण, भिजवण. तांदूळ भिजत घालायचा दिवस जवळपास दोन आठवडे मागे येतो. त्याच्याही आधी आठवडाभर लाल शाईने लिहा, 'ऑर्डर बंद'. ती तारीख सप्टेंबरमध्येच सगळ्या गिऱ्हाइकांना कळवून टाका. पाणी बदलायच्या तीन दिवसांचे गजर लावा आणि गजराच्या नावातच काम लिहा, 'तांदळाचं पाणी बदल', नुसता भोंगा नको. नाहीतर गजर बंद केला जातो आणि तो कशाचा होता हे दारापर्यंत जाताना निसटतं.

हाच उलटा हिशेब प्रदर्शनाला, लग्नसराईच्या ऑर्डरीला, संक्रांतीच्या वाणांना लागू आहे. प्रदर्शनानंतरचे दोन दिवस मात्र खोडून रिकामे ठेवा. आधीच्या रात्री जेवणखाण विसरून एकटाकी काम झालेलं असतं आणि त्यानंतर अंगातला जोर ओसरतो. त्या दोन दिवसांत घेतलेले निर्णय आणि दिलेली वचनं सहसा चांगली नसतात.

घराबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. गॅसचा नंबर कधी लावायचा, सासऱ्यांची गोळी कधी संपते, शाळेच्या ग्रुपवर उद्या काय आणायला सांगितलंय, पाहुण्यांना आहेर काय करायचा, हे सगळं लक्षात ठेवणं घरातल्या एकाच व्यक्तीचं काम असतं आणि ती व्यक्ती कोण हे ठरलेलं असतं. ज्या बाईला लक्षात ठेवणं सर्वांत महाग पडतं तिच्यावरच कुटुंबाची सगळी स्मरणशक्ती टाकलेली असते, आणि ती चुकली की वेंधळी, धांदरट, आरंभशूर ही विशेषणं तयार असतात. लहानपणापासून ऐकलेली. घरच्यांना 'मदत करा' असं मोघम सांगितलं तर भाजी चिरून मिळते. आठवण ठेवायची जबाबदारी तुमच्याकडेच राहते. म्हणून काम द्यायचं ते पूर्ण द्या, आठवणीसकट. शाळेचा ग्रुप नवऱ्याच्या फोनवर. गॅस आणि औषधं मुलाकडे, तो कॉलेजात असेल तर नक्कीच. पहिल्या महिन्यात त्यांच्याकडून काही राहून जाईल. तेव्हा मध्ये पडू नका.

खरेदीचा मोह आणि नव्या कल्पना

मंगळदास मार्केटमध्ये किंवा रविवार पेठेत शिरल्यावर काय होतं ते मी सांगायला नको. मोती सुंदर दिसतात, कापडाचा ताका सवलतीत मिळतो, त्यातून काय काय करता येईल ते डोळ्यांपुढे उभं राहतं आणि पैसे गेलेले असतात. बऱ्याच जणींच्या नफ्याचा मोठा भाग असा खोल्याखोल्यांतून पिशव्यांत पडून असतो. बाजारात जाताना हातातल्या ऑर्डरींची यादी आणि तेवढीच रोकड न्यावी, यूपीआयचं ॲप त्या दिवसापुरतं फोनवरून काढून टाकावं. यादीबाहेरचं काही आवडलं तर फोटो काढून दुकानाचं कार्ड घ्या. आठवड्यानंतरही त्याच्यासाठी गिऱ्हाईक डोळ्यांसमोर असेल तर पुन्हा जा.

कल्पनांसाठी वेगळी वही ठेवा आणि तिच्यात मोकळेपणाने लिहा. त्या तुमचं भांडवल आहेत. एका हंगामात मात्र एकच नवी वस्तू बाजारात आणा. साबण, मग मेणबत्त्या, मग रेझिनचे दागिने, मग त्याचे वर्ग, अशी वर्षात चार वळणं घेतली की प्रत्येक वस्तूचा माल अर्धवट पडतो आणि जुनं गिऱ्हाईक विचारत राहतं की साबण आता करत नाही का. मशीन हप्त्यावर घ्यायचं असेल तर आधी ते भाड्याने किंवा मैत्रिणीकडे वापरून दहा ऑर्डरी पुऱ्या करून बघा.

धंद्याचं बँक खातं वेगळं हवं, क्यूआर वेगळा हवा. घरखर्चाचे पैसे महिन्याला एकदाच, ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या रकमेने घरच्या खात्यात वळवा. बँकेला कायमची सूचना देता येते. याहून बारीक हिशेब सुरुवातीला कुणी ठेवला नाही तरी मला चालतं. धंद्याच्या खात्याचा उतारा स्वच्छ असेल तर उरलेलं माझ्यासारखी कुणीही शोधून काढते.

सरकारी तारखा

इथे माझा सल्ला थोडा वेगळा पडेल. बहुतेक सल्लागार करात किती वाचेल ते बघतात. एडीएचडी असलेल्या उद्योजिकेने वर्षात किती तारखा पाळाव्या लागतील तेही बघावं, आणि कमी तारखांसाठी थोडे पैसे जास्त गेले तर जाऊ द्यावेत.

महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आणि सेवा देणाऱ्याची २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. राज्याबाहेर माल जात असेल किंवा ऑनलाइन बाजारपेठांवर विक्री असेल तर नियम वेगळे आहेत, ते आधी विचारून घ्या. पण कुणीतरी सांगितलं की नंबर असला म्हणजे धंदा मोठा दिसतो, एवढ्यासाठी नोंदणी करू नका. नोंदणी झाली की दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेची विवरणपत्रं मागे लागतात. उशीर झाला की प्रत्येक विवरणपत्रामागे दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क. त्या महिन्यात एक रुपयाचाही व्यवहार झाला नसेल तरी 'शून्य' विवरणपत्र भरावंच लागतं, आणि ते राहिलं तर दिवसाला २० रुपये. वर्षभर काही विकलंच नाही म्हणून निर्धास्त राहिलेल्या बाईला हा दंड भरताना मी पाहिलंय.

नोंदणी लागणारच असेल तर दोन सोयी विचारा. उलाढाल ५ कोटींच्या आत असेल तर विवरणपत्रं तिमाहीला भरायचा पर्याय आहे, कर तेवढा दरमहा भरावा लागतो. वस्तू बनवणाऱ्या किंवा विकणाऱ्यांना दीड कोटीपर्यंत कंपोझिशन योजना आहे: दर तिमाहीला एकदा कर, वर्षाला एक विवरणपत्र. त्यात गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही आणि राज्याबाहेर विकता येत नाही. हे जमण्यासारखं असेल तर माझ्या मते या मेंदूसाठी ही योजना उत्तम. प्राप्तिकरातही अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीने हिशेब दिला तर आगाऊ कराची एकच तारीख पाळावी लागते, १५ मार्च. एरवी त्या चार असतात.

तारखा कमी केल्यावर ज्या उरतात त्या एकटीने पाळू नका. कागदाला बसताना शेजारी कुणीतरी असलं, ती व्यक्ती स्वतःचं काही करत असली तरी, काम होतं. एडीएचडी असलेल्यांना याचा अनुभव आहे आणि तज्ज्ञही ते सुचवतात. व्यवसाय करणाऱ्या एखाद्या मैत्रिणीशी वार ठरवा. मंगळवारी अकरा ते साडेबारा, व्हिडिओ कॉल चालू, दोघींनी आपापली बिलं चढवायची, गप्पा शेवटच्या दहा मिनिटांत. बचत गटात असाल तर मासिक बैठकीच्या दिवशी तासभर आधी जाऊन तिथेच वही पूर्ण करा. ती तारीख तशीही चुकत नाही.

तपासणी आणि औषध

रील बघून स्वतःचं निदान करू नका, आणि रील बघून शंका आली म्हणून ती झटकूनही टाकू नका. थायरॉइड, रक्त कमी असणं, झोपेचे विकार, चिंता, नैराश्य यांतही लक्ष लागत नाही आणि विसरायला होतं. एडीएचडीची लक्षणं लहानपणापासून असतात. २०१३ च्या डीएसएम-५ या निकषांनुसार त्यांतली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात. म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं मिळाली तर न्या, आणि आईला किंवा मोठ्या बहिणीला विचारा. मुलींमध्ये पुष्कळदा उड्या मारण्यापेक्षा हरवून जाणं जास्त असतं. वर्गात शांत बसून खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलीची कुणी तक्रार करत नाही, म्हणून ती चाळिशीपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. कुठे जावं ते कळत नसेल तर १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

औषध घ्यायचं की नाही ते तुमचं आणि डॉक्टरांचं ठरेल. घेणार असाल तर धंद्याच्या वहीत एक नोंद करा. एडीएचडीसाठी दिलं जाणारं मेथिलफेनिडेट हे औषध शेड्यूल एक्समध्ये येतं. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो, आणि ते प्रत्येक केमिस्टकडे मिळत नाही. गोळ्या संपायच्या दहा दिवस आधीचा गजर लावा, आणि दिवाळीच्या तोंडावर पुरवठा संपणार नाही असं बघा. पाळीच्या आधीच्या आठवड्यात आणि पाळी जायच्या वयात इस्ट्रोजेन खाली-वर होतं तेव्हा बऱ्याच जणींना लक्षणं वाढलेली जाणवतात. दोन-तीन महिने नोंद ठेवली तर तुमचं चक्र कळेल. ते डॉक्टरांना दाखवा, आणि त्या आठवड्यात कापायची, मोजायची, भाव ठरवायची कामं शक्य तितकी कमी लावा.

पहिली मदतनीस

चार पैसे सुटायला लागले की बायका आधी शिवणारी किंवा लाटणारी बाई ठेवतात. तुम्ही उलट करा. आधी कागदांसाठी माणूस ठेवा. आठवड्यातून दोनदा दोन-दोन तास पुरेत. कॉमर्सला शिकणारी मुलगी, शेजारची निवृत्त कारकून बाई, कुणीही चालेल जिला एका ओळीत बिलं लावण्यात समाधान मिळतं. अशी माणसं असतात, आणि तुमच्या उत्साहाचं त्यांना जेवढं नवल वाटतं तेवढंच तुम्हाला त्यांच्या ओळींचं वाटेल.

हे काम शक्यतो नवऱ्याला देऊ नका. चांगला नवरासुद्धा तिसऱ्या महिन्यात साहेबासारखं बोलायला लागतो, मग हिशेबाची वही दिसली की पोटात गोळा येतो, आणि वही लपवली जाते. पगार देऊन ठेवलेल्या व्यक्तीशी नातं सरळ राहतं.

तिला काम समजावून सांगायला लांबलचक लेखी सूचना करत बसू नका, ते तुमच्याकडून होणार नाही. एखादं बिल करताना मोठ्याने बोलत जा आणि फोनवर रेकॉर्ड करून तिला पाठवा; ती ऐकून पायऱ्या लिहून काढेल आणि तुम्हाला दाखवेल. पहिल्या आठवड्यात तिला फक्त थकलेल्या पैशांची यादी करायला लावा. दुसऱ्या आठवड्यात त्या यादीतल्या लोकांना तिने फोन करायचा, तुम्ही नाही. "मी अमुक यांच्याकडून बोलतेय, तुमचं बिल बाकी दिसतंय," एवढंच वाक्य. तिला ते म्हणायला काहीच जड जात नाही, कारण त्या लोकांकडे ती कधी हळदीकुंकवाला गेलेली नसते. त्या पंधरवड्यात जमा झालेल्या पैशांतून तिचा पहिला पगार द्या.